आत्याबाईंचा मध आणि माझी परीक्षानळी

आमच्या प्रयोगशाळेत हळदीचा एवढा धुरळा असतो, की तिथं चार वर्षं काढल्यावर मला घामसुद्धा पिवळा येतो. रुजू झाले त्या दिवशी सरांनी मला पांढराशुभ्र कोट दिला होता. दुसऱ्या दिवशी तो लिंबाच्या रंगाचा झाला, आठवड्यानं आंब्याच्या, आणि महिन्यानं तो अंगात घालून मी रस्त्यावर उतरले तर समोरून येणारी एक म्हातारी खाली वाकून माझ्या पाया पडली. तिला वाटलं, मी थेट जेजुरीहूनच येतेय. मीही तिला आशीर्वाद देऊन टाकला. नाही कशाला म्हणायचं.

प्रयोगशाळा म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. हिंगोलीत एका बियाण्यांच्या दुकानावर दोन खोल्या, मुंगीनं उसासा टाकला तरी हलणारा एक तराजू, एक काचेचं कपाट, आणि माणसं दोन: सर आणि मी. सर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. नोकरीत असताना पस्तीस वर्षं बोलून बोलून त्यांचे शब्द संपले असावेत, कारण आता ते दिवसाला बाटलीवरच्या चिठ्ठीवर मावतील एवढेच शब्द वापरतात. उरलेलं सगळं मी बोलते. माझा आवाज असा, की खाली दुकानात माणूस सोयाबीनचं बियाणं मागत असला तर वरचं ऐकून हळदीचं घेऊन जातो.

काम म्हणाल तर बहुतेक हळदीचंच. व्यापारी पुडी आणतात, हळद खरी की रंगवलेली ते आम्ही सांगतो. रीत सोपी आहे. हळद नळीत घ्यायची, स्पिरिटमध्ये विरघळवायची, वर तीव्र आम्लाचे थेंब सोडायचे. पिवळी हळद बघता बघता लाल होते. इथं नवखा माणूस घाबरतो, पण लाल तर अस्सल हळदही होते. खरी गंमत पुढं. त्यात पाणी ओतायचं. हळद अस्सल असेल तर लाली निघून जाते, आणि कापडाचा रंग मिसळला असेल तर ती तशीच राहते, लाज सोडल्यासारखी. हे मी दिवसातून इतक्या वेळा करते, की घरी आमटीत पाणी वाढवतानाही माझा डोळा रंगावरच असतो.

आणि तरीही मागच्या हिवाळ्यात याच नळीनं मला असं काही आपटलं, की मी अख्खी संध्याकाळ गप्प होते. अख्खी संध्याकाळ. शेजारच्या शेतांतल्या बाया तब्येतीची चौकशी करायला आल्या होत्या.

आमचं घर शिरड शहापूरच्या अलीकडं, शेतात. मी रोज एसटीनं औंढ्यावरून हिंगोलीला येते-जाते. घरी मेंढरं, थोड्या शेळ्या, हळदीचा एक तुकडा, करडई-तुरीचा दुसरा, आणि या सगळ्यांवर राज्य करणाऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. अंगानं मुठीएवढ्या. पण त्या बांधावर उभ्या राहून मेंढरांना हाक मारतात तेव्हा आमची मेंढरं तर येतातच, शेजाऱ्याचीही येतात, आणि एकदा वळणावरून जाणारी जीपही आली होती.

आत्याबाईंचा एक नेम आहे. घरात कुठलीही गोष्ट नव्यानं आली, की तिच्यावर खंडोबाचा भंडारा पडलाच पाहिजे. भंडारा म्हणजे आमच्याच रानातली हळद, त्यांनी स्वतः कुटून, वस्त्रगाळ करून डबीत भरलेली. ती डबी कमरेला. नवी म्हैस आली, भंडारा. नवऱ्यानं मोटरसायकल घेतली, भंडारा, तोही पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून; गाडी सहा महिने खोकत होती. मला नोकरीचा कागद आला त्यावर त्यांनी एवढा भंडारा उधळला, की पगार किती हे मला रुजू झाल्यावर सरांना विचारावं लागलं. आमच्या घरात या गोष्टीकडं कुणाचं लक्षही जात नाही. श्वास घेताना कुणी मोजतं का, तसंच ते.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायांच्या गटाला मधाच्या पेट्या मिळाल्या. बाकीच्या बायांनी चार डंख खाल्ले आणि पेट्या परत केल्या. त्या सगळ्या पेट्या आत्याबाईंनी आमच्या बांधावर आणून ठेवल्या. माशा त्यांना चावत नाहीत. मला विचाराल तर माशा त्यांना भितात. करडई फुलली, की आत्याबाई सकाळी पेट्यांपाशी जाऊन उभ्या राहतात आणि सुना कामाला लावाव्या तशा माशांना रानात पाठवतात: "ऊठ गं, उजाडलं. तुरीकडं कोण जाईल मग?" आणि माशा जातात. मध असा घट्ट, की त्यात एकदा पळी उभी राहिली ती संक्रांतीपासून होळीपर्यंत उभीच होती.

आता बिघडलं कुठं ते सांगते. आत्याबाई एका बाजाराच्या दिवशी आखाडा बाळापूरला गेल्या होत्या. तिथल्या एका दुकानात मधाचे डबे मांडलेले. यांनी झाकणाला लागलेला थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि भर बाजारात जाहीर केलं, "साखरेचा पाक हाय ह्यो. माशी ह्याच्या जवळून बी गेली न्हाई."

दुकानदार काही कच्चा नव्हता. गिऱ्हाइकं बघत होती. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, जीभ काय कुणाला बी असती. तुमचा मध तपासून कागद आणा. कागदावर खरा निघाला, तर माझे हे डबे खाली उतरवतो आन् फळीवर तुमचाच मध मांडतो. खोटा निघाला, तर ह्याच जागी उभं राहून म्हणायचं, माझी जीभ खोटी."

"आणते," आत्याबाई म्हणाल्या. "माझी सूनच तपासती. हिंगोलीत."

"मग तर बरंच झालं," दुकानदार म्हणाला. "घरचाच कागद."

हे शेवटचं वाक्य आत्याबाईंना करडईच्या काट्यासारखं रुतलं. घरी येऊन त्यांनी मला पाणीही पिऊ दिलं नाही. "सूनबाई, तपास. पन सासूचा माल म्हणून तपासू नको. दुश्मनाचा माल समजून तपास."

दुष्काळातही ज्यांनी उपाशी मेंढरं धडधाकट सांगून विकली नाहीत त्या आत्याबाईंचा पंचक्रोशीत एकच ऐवज होता, त्यांचा शब्द. कुणाच्या म्हशीच्या दुधात पाणी, कुणाच्या तुपात डालडा, हे त्या तोंडावर सांगत आणि लोक ऐकून घेत. तो शब्द आता एका बाटलीत बसून माझ्याबरोबर हिंगोलीला निघणार होता.

बाटली मी स्वतः भरली. यंत्रातून निघालेला मध डब्यात, डब्यातून नव्या कोऱ्या बाटलीत, माझ्या हातानं. भरून झाल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "रातभर देवापुढं ऱ्हाऊ दे." मी म्हटलं राहू दे, देव काय खाणार आहे. सकाळी बाटली उचलली, झाकणाला पट्टी लावली आणि एसटीत बसले. वाटेत झाकणाच्या फटीतून असा वास सुटला, की औंढ्याला उतरायचे प्रवासी उतरायचे विसरले. कंडक्टर दोनदा माझ्याजवळ येऊन तिकीट विचारून गेला, नुसतं वासासाठी.

सरांनी बाटलीवर नंबर टाकला. नात्यातला नमुना आहे हे मी त्यांना सांगितलं, कारण न सांगता राहणं मला जमत नाही. सर म्हणाले, "कर. मी बघतो." आणि खुर्ची ओढून बसले.

पाणी किती ते बघितलं: उत्तम. साखरा बघितल्या: मधात असाव्यात तशाच. मी मनात बाळापूरच्या फळीवर बाटल्या मांडायलाही लागले होते. मग शेवटची चाचणी घेतली, पाकाची. साखर आम्लात शिजवून केलेला पाक मधात मिसळला असेल, तर त्यात एक द्रव्य उतरतं. मध फार तापवला तरी ते येतं. मध इथर नावाच्या, हवेत उडून जाणाऱ्या द्रवात घोटायचा, इथर वेगळा काढून उडू द्यायचा, खाली जे उरेल त्यावर रिसॉर्सिनॉल नावाचं रसायन आणि तीव्र आम्लाचं मिश्रण टाकायचं. लाल होऊन लाल राहिलं, तर मधात पाक.

इथर ओतताना तो जरा पिवळसर दिसला. मी म्हटलं, मधच पिवळा, इथरनं काय हिरवं व्हावं. उरलेला साका नळीत घेतला, वर मिश्रण टाकलं.

नळी लाल झाली. फिकट नव्हे, लग्नातल्या शालूसारखी लाल.

मी घड्याळाकडं बघत बसले. पाच मिनिटं झाली. लाल. दहा झाली. लाल. खाली दुकानात कुणीतरी कीटकनाशकाचा भाव विचारत होतं, तो माणूस मला जगातला सर्वांत सुखी माणूस वाटला.

"सर," मी म्हटलं, "नळी घाण असेल."

"दुसरी घे," सर म्हणाले.

दुसरी घेतली. तीही लाल. सरांनी अहवालाचा कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. त्यावर एक रकाना असतो: पाकाची चाचणी, पुढं मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत माझी सासू मावत होती, सगळ्या पंचक्रोशीसकट. पेन हातात घेतलं तर ते मेंढीएवढं जड लागलं. एक शब्द बदलला असता तर कुणाला कळणार होतं? सरांना. आणि त्याहून वाईट म्हणजे मला. दुश्मनाचा माल समजून तपास, असं त्याच म्हणाल्या होत्या.

सर माझ्याकडं बघत होते. त्या दिवसाचे सगळे शब्द त्यांनी एकदम खर्च केले. "आज लिहू नकोस. घरी विचार, मध तापवला का, त्यात काही टाकलं का. उद्या पुन्हा कर. मग जे दिसेल ते लिही."

घरी पोचले तेव्हा आत्याबाई शेळीची धार काढत होत्या. मामा, म्हणजे माझे सासरे, बाजेवर सुतळी वळत बसलेले. मामांचा स्वभाव असा, की घराला आग लागली तर ते आधी तंबाखू मळतील आणि मग विचारतील, पाणी कुणी आणलं का.

मी आडवळणानं सुरुवात केली. "आत्याबाई, मध उन्हात तर ठेवला नव्हता ना?"

"काहून?"

"सहज. चुलीजवळ? गरम-बिरम?"

"न्हाई म्हटलं ना. काय निघालं ते सांग."

"त्यात कोणी काही टाकलं का?"

धार थांबली. शेळीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिलाही प्रश्न आवडला नव्हता.

"काय टाकलं म्हंजे?"

"साखर म्हणा, गूळ म्हणा. काही पण. थोडंसं."

"खंडोबाची आण," आत्याबाई उठून उभ्या राहिल्या, "माशीनं जे दिलं ते तसंच दिलं मी. तिळाएवढं काही टाकलं आसंल तर माझ्या हाताला किडे पडतील. तू मला इचारून राहिली? तू भरली ना बाटली?"

"नळी लाल झाली, आत्याबाई."

"मग तुझ्या नळीला कावीळ झाली आसंल."

"कावीळ पिवळी असती," बाजेवरून मामा म्हणाले.

"तुमी सुतळी वळा."

मामांनी थोडी सुतळी वळली. मग म्हणाले, "माशा रसवंतीवर जाऊन राहिल्या आसतील. औंढ्याच्या फाट्यावर उसाचा रस काढतेत. मी बघितलंय, तिथं लई माशा आसतेत."

"माझ्या माशा?" आत्याबाईंचा आवाज असा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "माझ्या माशा रसवंतीवर?"

मामांनी सुतळी खाली ठेवली आणि मेंढरं बघायला गेले. मेंढरं वाड्यात बांधलेली होती, त्यांना बघण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळभर घरात भाकरी थापल्याचा आवाज तेवढा, आणि तोही एरवीपेक्षा जोरात. सकाळी निघताना त्यांनी माझ्या हातात डबा दिला. जड वाटला. "काय आहे?"

"भाकर हाय. आन् वाटीत मध हाय, मधाच्या त्याच डब्यातला. तुझ्या सराला खाऊ घाल. म्हणावं, नळीला जीभ न्हाई, तुमाला तरी हाय का बघा."

टोमणा असा, की डबा हातात गरम लागला.

प्रयोगशाळेत येऊन मी कालच्याच बाटलीतला मध घेऊन चाचणी तिसऱ्यांदा लावली. तिसऱ्यांदाही लाल. कोरा कागद कालच्याच जागी होता. मी ठरवलं, आधी नळ्या धुऊ, मग लिहू. वाईट काम लांबवायला भांडी घासण्यासारखं साधन नाही, हे सासरी आलेल्या कुठल्याही बाईला विचारा. रीत म्हणून आम्लाची नळी आधी मोठ्या पाण्यात सावकाश ओतायची, तशी मी काचपात्रातल्या पाण्यात ओतली, आणि ओतता ओतता पात्रात बघितलं.

पाणी लाल झालं नाही. पिवळं झालं.

मी नळीत पाण्याचे चार थेंब टाकले. खाली राहिलेली लाली पाणी लागताच पळाली. नळी पिवळी.

आता हे बघा. पाकाची लाली पाण्यानं अशी क्षणात पिवळी होत नाही. आम्लात लाल आणि पाण्यात पुन्हा पिवळी होणारी वस्तू मी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघते, माझ्या कोटावर ती आहे, माझ्या नखात ती आहे, माझ्या घामात ती आहे. पण ती समोर आली मधाच्या बाटलीतून, म्हणून मी तिला ओळखलं नाही. नात्यातलं माणूस परगावच्या बाजारात दिसावं आणि आपण त्याला वांग्याचा भाव विचारावा, तसं झालं.

"सर," मी एवढ्या जोरात ओरडले, की खालचा दुकानदार जिना चढून वर आला, "हळद आहे. मधात हळद आहे."

सरांनी चष्मा लावला. कालची बाटली उघडून थोडा मध पाण्यात विरघळवला, त्यात चुन्याची निवळी सोडली. पाणी कुंकवाच्या वाटेला लागलं, तांबूस. हळदीला चुना लावला की कुंकू होतं हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. सरांनी त्याचंच इथं काम करून घेतलं. मग ते म्हणाले, "दुसरा मध आहे?"

होता. माझ्या डब्यात. आत्याबाईंचा टोमणा वाटीत भरून आलेला; तो मी सरांना जसाच्या तसा सांगितला. घरच्या त्याच मोठ्या डब्यातला मध, फक्त बाटलीत न गेलेला. मी तो घेतला, इथरमध्ये घोटला. इथर पाण्यासारखा नितळ उतरला. साका घेतला, मिश्रण टाकलं आणि आम्ही दोघं त्या नळीवर असे वाकलो, की आमची डोकी आपटली. पाच मिनिटं. दहा. पंधरा. नळी होती तशीच राहिली, सोवळ्यातल्या बाईसारखी.

सरांनी उरलेल्या वाटीत बोट बुडवलं आणि चाटलं. नियमात बसत नाही ते. मग पुन्हा बुडवलं. "आहे," ते म्हणाले. "जीभ आहे म्हणून सांग."

म्हणजे मध डब्यात खरा होता आणि बाटलीत गेल्यावर पिवळा झाला होता. बाटली रात्रभर कुणापुढं ठेवली होती, हे आठवायला मला आमच्या घरापर्यंतची अख्खी वाट लागली नाही. औंढ्याच्या आधीच मी एसटीत एकटी हसायला लागले. शेजारच्या बाईनं लेकराला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

घरी आत्याबाई पेट्यांपाशी बसल्या होत्या. माशांशी काही बोलत नव्हत्या. मी जवळ जाऊन बसले.

"आत्याबाई, बाटली देवापुढं ठेवली होती तेव्हा झाकण उघडलं होतं का?"

"व्हय."

"काहून?"

"काहून म्हंजे? पहिल्यांदा परीक्षेला चालली ना. भंडारा टाकला चिमूटभर. येळकोट म्हटलं आन् झाकण लावलं. हालवलं जरासं, सगळीकडं लागावा म्हणून."

मी कपाळाला हात लावला. "काल तर म्हणालात, तिळाएवढं काही टाकलं नाही. खंडोबाची आण घेतलीत."

आत्याबाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशी त्या रंगवलेल्या तुपाकडं बघतात. "भंडारा म्हंजे काय टाकणं आसतं का गं? साखर टाकणं म्हंजे टाकणं. पाणी टाकणं म्हंजे टाकणं. भंडारा काय टाकायची वस्तू हाय? तू परीक्षेला गेलीस तवा तुझ्या डोस्क्यात टाकला नव्हता? तवा तुझ्यात भेसळ झाली का?"

मी त्यांना नळीचं सगळं सांगितलं: आम्लात लाल, पाण्यात पिवळं, डब्यातला मध कसा नितळ निघाला. त्या ऐकत गेल्या. लाली पाणी लागताच पळाली, हे मी हातवाऱ्यांनी दाखवलं तेव्हा त्यांच्या तोंडाची एक बाजू हलली.

"म्हंजे मध खरा हाय."

"खरा आहे."

"आन् भंडारा बी खरा निघाला. कापडाचा रंग न्हाई त्याच्यात."

"नाही. तोही अस्सल."

"मग नापास काहून केलं? दोन्ही खरे तर दोन मार्क दे."

मामा मागं कधी येऊन उभे राहिले होते कळलं नाही. "आन् रसवंतीचं?" ते म्हणाले.

"तुमच्या रसवंतीला मी उद्या बघते," आत्याबाई म्हणाल्या, आणि पेटीकडं तोंड करून माशांना मोठ्यानं सांगितलं, "ऐकलं का गं, तुमच्यावर काय आळ घातला ह्या माणसानं." माशा गुणगुणत बाहेर आल्या. मामा दोन पावलं मागं सरकले. आता म्हणतात, की त्या दिवशी माशा त्यांच्यामागं शिरडपर्यंत गेल्या. मी तिथं होते; फक्त बाभळीपर्यंत गेल्या.

नवी बाटली त्याच संध्याकाळी भरली. मी झाकण घट्ट लावलं, त्यावर पट्टी, पट्टीवर दुसरी पट्टी, आणि बाटली माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या उशाशी. सकाळी निघाले तर आत्याबाई दारात उभ्या. हात कमरेच्या डबीवर.

"आत्याबाई, नाही."

"मधात न्हाई टाकत."

"बाटलीवर पण नाही. कण उडतात."

"बाटलीवर बी न्हाई." डबी उघडली. दोन बोटांनी चिमूट घेतली. "मधाला चालत न्हाई तर न चालू दे. मध तपासणारीला तर चालतंय?" आणि माझ्या कपाळावर भंडारा असा दाबून भरला, की भुवया गेल्या. "येळकोट," त्या म्हणाल्या, आणि मला एसटीकडं लोटलं.

ते कपाळ घेऊन मी प्रयोगशाळेत शिरले. सरांनी माझ्याकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं, आणि भिंतीकडं बोट दाखवलं. "तिथं उभी राहा." तोंड धू असं ते म्हणाले नाहीत, हे मी त्यांच्या खात्यावर कायमचं लिहून ठेवलंय. मी भिंतीला टेकून उभी राहिले, शाळेत उभं करतात तशी, मान मागं करून, की कण माझ्याच अंगावर पडावा. चाचणी सरांनी स्वतः केली. पहिली, दुसरी, तिसरी. नळ्या तिन्ही वेळा कोऱ्या. कागद सरांनीच लिहिला, आणि सहीही त्यांनीच केली, म्हणजे घरचा कागद म्हणायला कुणाला तोंड उरू नये. हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच ओळखलं.

पुढच्या बाजाराला आम्ही जीपनं आखाडा बाळापूरला गेलो. आत्याबाईंच्या मांडीवर बाटल्यांची टोपली, माझ्या हातात कागद. दुकानदारानं कागद घेतला, उलटसुलट केला, उजेडात धरला. गिऱ्हाइकं जमली होती. कागद वाचता न येणारे जास्त जवळ येऊन बघत होते.

"सही सुनेची न्हाई वाटतं," तो म्हणाला.

"तिच्या सराची हाय. त्यांनी माझं तोंड बी बघितलं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. वाटीभर मध चाटला होता सरांनी, पण ते मी बोलले नाही.

"कागद पिवळा काहून पडलाय?"

आम्ही दोघी एकदम आभाळाकडं बघायला लागलो. कागद आदल्या संध्याकाळी घरी आला होता. नव्यानं.

दुकानदारानं कागद हुंगला. मग हसला, चांगलं मोठ्यानं, माणूस हरल्यावर हसतो तसं नव्हे. आपले डबे त्यानं स्वतःच फळीवरून उतरवले आणि ओल्या फडक्यानं फळी पुसून दिली. आत्याबाईंनी बाटल्या एकेक करून मांडल्या. मग हात कमरेकडं गेला, आणि मधेच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पहिल्या बाटलीपासून शेवटच्या बाटलीपर्यंत प्रत्येक झाकण मुठीत धरून पिळून घट्ट केलं, आणि मगच फळीवर चिमूट उधळली.

"मावशी, झाकणं काहून तपासून राहिल्या?" दुकानदारानं विचारलं.

"माझ्या सूनबाईला इचार," आत्याबाई म्हणाल्या. "हिच्या नळीपुढं देवाला बी बाहेर थांबावं लागतंय."